काढून ठेवलेलं सामान

गाडी विकायची, हे एका सकाळीत ठरलं. कशी विकायची, हे ठरायला मात्र महिना लागला. त्या महिन्यात आमच्या घरात जेवढी वादावादी झाली, तेवढी मुलीच्या लग्नातही झाली नव्हती.

त्या सकाळी ते ठरवणारे डॉक्टर होते. त्यांनी माझ्या खुब्याचा फोटो उजेडावर धरला, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि म्हणाले की दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू. मग चालाल, जिने चढाल, नवरात्रात गरब्याला उभ्यासुद्धा राहाल, फक्त मोटरसायकलवर टांग टाकायची नाही. "कधीपर्यंत?" मी विचारलं. त्यांनी माझं वय विचारलं. मी साठ सांगितलं, तर ते नुसते हसले. त्या हसण्याला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मी बडोद्यातल्या मांजलपूरला घरी पोहोचेपर्यंत शोधत होते.

माझी उंची चार फूट अकरा इंच. ही माहिती आधीच दिलेली बरी. गाडी मात्र साडेतीनशे सीसीची, लोखंडी टाकीची, जवळजवळ दोनशे किलोची. अशी गाडी मला कॉलेजपासून हवी होती. पण माझी उंची बघून मला तशी इच्छाच नसणार, असं सगळे धरून चालले आणि कोणी विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही. एकावन्नाव्या वर्षी, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर, मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर सरळ गाड्यांच्या दुकानात गेले. गाडीवर बसले. दोन्ही पाय हवेत. दुकानातला पोरगेला विक्रेता अदबीने म्हणाला, "मॅडम, स्कूटर दाखवू?" तो असं म्हणाला नसता तर कदाचित मी घरी परत आले असते. तापट माणसाला खरेदीला एकटं सोडू नये म्हणतात, ते काही खोटं नाही.

गाडी घरी आणून दिली त्या दुकानवाल्यांनीच, कारण मला ती चालवता येत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मी शहराच्या वाडी भागातल्या एका मिस्त्रीला गाठलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गाडीला बघितलं आणि म्हणाला, "बेन, माणस लांबो ना थाय. गाडी टूंकी थाय."

मग गाडी बुटकी होत गेली. मागचे शॉक ॲब्सॉर्बर काढून आखूड बसवले. पुढच्या चाकाचे फोर्क वर ओढून घेतले. सीट बदलली, नव्या सीटचा स्पंज तासला आणि पुढून अरुंद केला, म्हणजे मांड्या पसरून पाय आखूड होणार नाहीत. हँडल बदलून चार बोटं माझ्याकडे आणलं. क्लच हलका केला, गिअरचा आणि ब्रेकचा दांडा काढून जवळ येणारा वाकडा दांडा लावला. मागची सीट टांग टाकताना आड यायची, म्हणून ती आणि तिचे फूटरेस्ट काढून तिथे पिशवी बांधायला एक कॅरिअर लावलं. साइड स्टँडने तर छळलं. गाडी बुटकी झाली आणि स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे ती ताठ उभी राहून पलीकडच्या बाजूला, समोरच्या शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आडवी झाली. मग स्टँड कापला, तो जास्त कापला गेला, मग त्याला तुकडा जोडला. अजून तो जोड दिसतो.

आणि एक दिवस मिस्त्रीच्या दारात मी गाडीवर बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. टाचा, नुसती बोटं नव्हेत. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मला नोकरीत कायम झाल्यावरसुद्धा झाला नव्हता, आणि हे मी कोणापुढेही म्हणायला तयार आहे.

एवढं करून मी ती फार चालवली का? नाही. नऊ वर्षांत एकोणीसशे किलोमीटर, त्यातले निम्मे वाडीत मिस्त्रीकडे जाण्यायेण्यातले. आठवडाभर शाळा. मुलांना विज्ञान शिकवून आलं की घशात आणि गुडघ्यांत दोन्हीकडे कोरड पडायची. उरला रविवार. पहाटे साडेपाचला निघायचं, रस्ते भरायच्या आत परतायचं. कारण सिग्नलला थांबलं की शेजारचे रिक्षावाले "माजी, संभाळजो", म्हणजे आजीबाई, सांभाळून, असं म्हणायचे आणि मी दिवसभर चिडलेली राहायचे. शिवाय एवढं आणखी झालं की मग लांब जाऊ, असं मी दरवेळी ठरवायचे आणि मग आणखी काहीतरी निघायचं. घोडं तिथेच पेंड खायचं.

नवरा या सगळ्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना मात्र तो नवराच. एका रसायनांच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं देखभाल विभागात काढली. त्या नोकरीने त्याला दोन सवयी लावल्या: कमी बोलणं आणि काढलेलं काही न टाकणं. कारखान्यात यंत्राचा कुठलाही भाग काढला की त्याला चिठ्ठी बांधायची, काय काढलं, का काढलं, परत कधी बसवायचं. बसवणाऱ्याने बसवून त्यावर सही केली की काम पुरं झालं, मग चिठ्ठी फाडायची. घरी मिक्सरचं भांडं दुरुस्तीला गेलं तरी तो झाकणाला चिठ्ठी बांधतो. माझ्या गाडीचं जे जे काढलं गेलं ते तो मिस्त्रीकडून मागून आणायचा आणि कुठेतरी ठेवून द्यायचा. मी कधी बघितलं नाही. रविवारी पहाटे तो माझ्याबरोबर खाली यायचा, वॉचमनला उठवायला नको म्हणून फाटक स्वतः उघडायचा, "जपून" म्हणायचा आणि मी वळेपर्यंत उभा राहायचा.

तर ऑपरेशनचं ठरल्यावर तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "सगळं सामान माळ्यावर आहे. परत कंपनी फिटिंग करू. अशी गाडी कोण घेणार?"

आणि तिथेच आमचं अडलं. त्याचं म्हणणं बिनतोड होतं, ते मलाही कळत होतं. चार फूट अकरा इंचांसाठी कापलेली गाडी घ्यायला बाजारात रांग लागत नाही. पण गाडी पुन्हा दुकानातून आली तशी करून विकायची, म्हणजे मी तिच्यावर कधी बसलेच नव्हते असं करून विकायची. मला ती माझ्या मापाची जायला हवी होती. कमी किमतीत जावो, उशिरा जावो, पण टाचा टेकतील अशी जावो. मला दुसरं काही नको होतं.

मी कोणाला न विचारता फोनवर जाहिरात टाकून दिली. फोटो टाकले, काय काय बदललंय ते सगळं लिहिलं. संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले भाई आले. भाईंनी आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा हात बोलताना आपोआप कापड मोजतो. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बेन, श्राद्धमां गाडी वेचवा काढी?"

मी कॅलेंडर बघितलं. पितृपक्षाचा पहिला दिवस. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या नसतात, असं मी ऐटीत म्हटलं खरं. पण बडोद्यात या पंधरवड्यात माणूस सुईसुद्धा विकत घेत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. नवरा वरण घोटत होता. तो हसला नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

घेणारे येणार नव्हते. बघणारे मात्र आले, कारण बघायला श्राद्ध आड येत नाही. मग मी दुसरी चूक करायला लागले, जी आमच्या माहेरच्या रक्तातच आहे. माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते. आमच्याकडे वस्तू विकणं हेच मुळात थोडं लाजिरवाणं मानलं जायचं. विकायची वेळ आलीच, तर घेणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून तिचे सगळे दोष आधी सांगून टाकायचे. मी खाली पार्किंगमध्ये उभी राहून सांगायचे: इंजिनखाली दिवसाला एक थेंब तेल पडतं. गरम झाल्यावर न्यूट्रल सापडत नाही. पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. बुटकी केल्यामुळे उंच बंपवर सायलेन्सर घासतो. स्टँडला जोड आहे, बघा, हा इथे. माणूस मान डोलवायचा, "विचार करके बोलता हूँ" म्हणायचा आणि जायचा.

भाई गॅलरीतून हे सगळं बघत असत. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. ते खाली आले. "ग्राहक आवे ने, पहेलां चा पिवडावो," ते म्हणाले. "तमारे गाडी वेचवी छे के एनी कथा बेसाडवी छे?"

"खोटं बोलू का मग?" मी म्हटलं.

"खोटुं नहीं, बेन. पण पूछे तो बोलो!"

त्यानंतर भाईंनी एक काम आपणहून अंगावर घेतलं. जो कोणी येईल त्याचा नंबर ते आपल्या छोट्या वहीत लिहून घ्यायचे. ग्राहक आज गेला म्हणजे कायमचा गेला असं नसतं, हे त्यांचं दुकानदारीतलं तत्त्व होतं.

त्या बघणाऱ्यांत एकजण जवळच्या पादरा गावाहून आला होता. भाजीच्या रोपांची नर्सरी होती त्याची. पन्नाशीचा, माझ्याहून दोन बोटं उंच असेल. माझं सगळं पुराण त्याने हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकलं. मग "बेसुं?" म्हणून विचारलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी गाडीवर बसला. दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले. तो खाली बघत राहिला. "पग अडे छे," तो म्हणाला, मला नव्हे, स्वतःलाच. मग त्याने वळून मागचं कॅरिअर बघितलं.

"अने पाछळ?"

"मागे काही नाही. एकटीसाठी केली आहे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, चपला घातल्या, "श्राद्ध पछी जोईए" म्हणाला आणि गेला. हे जाण्याचं बोलणं मी ओळखते. रात्री जेवताना मी त्याच्याबद्दल एवढंच सांगितलं की बुटका होता.

सर्वपित्री अमावास्या झाली, नवरात्र बसलं. पादऱ्याहून फोन आला नाही. सोसायटीच्या मैदानात गरब्याचे दिवे लागले आणि तिसऱ्या माळेला एक सहा फुटी तरुण आला. गाडीवर बसला, तर त्याचे गुडघे हँडलला लागले. त्याचा मित्र हसायला लागला. तरुण सभ्य होता, हसला नाही. फक्त कळवळून म्हणाला, "आंटी, इतनी अच्छी गाड़ी किसने बिगाड़ी?"

"मैंने," मी म्हटलं.

तो ओशाळला, पण बोललेलं काही परत घेता येत नाही. मी वर आले, चहा केला आणि तो न पिता बसून राहिले. नऊ वर्षं मी ज्याला घडवणं म्हणत होते त्याला बघणारा कोणीही बिघडवणं म्हणू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. मला रडू आलं नाही, राग आला. रागाच्या भरात मी नवऱ्याला म्हटलं, "काढा तुमचं सामान. करा कंपनी फिटिंग. पत्युं, संपलं एकदाचं."

त्याने पडत्या फळाची आज्ञा घेतली नाही. तीन दिवस तो मी शांत व्हायची वाट बघत राहिला. मी शांत झाले, पण शब्द फिरवला नाही. तेव्हा सातव्या माळेच्या दिवशी दुपारी त्याने माळ्याला शिडी लावली.

मला शिडी चढता येत नव्हती. मी खाली खुर्चीवर बसले आणि तो वरून एकेक गाठोडं देऊ लागला. गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं, प्रत्येकाला शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चिठ्ठी. कागद सोडला तर आतलं लोखंड तेल लावून पुसलेलं, गंजाचा ठिपका नाही. दर दसऱ्याला मी खाली गाडीला हार घालायचे तेव्हा हा वर माळ्यावर काय करायचा, ते मला आत्ता कळत होतं. पहिली चिठ्ठी वाचली. त्याचं ते सुबक, सरळ अक्षर.

"मागचे शॉक ॲब्सॉर्बर, जोडी. का काढलं: उंची. स्थिती: उत्तम. परत बसवणे: विक्रीच्या वेळी. बसवणाऱ्याची सही:" आणि पुढे रिकामी रेघ.

खाली तारीख होती. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता.

दुसरी वाचली, हँडलची. परत बसवणे: विक्रीच्या वेळी. तिसरी, सीटची. विक्रीच्या वेळी. क्लच, गिअरचा दांडा, सगळीकडे तेच.

"म्हणजे पहिल्या महिन्यापासून तुम्ही विक्रीची वाट बघत होता?" मी वर तोंड करून विचारलं.

"अगं, वस्तू आहे," माळ्यातून आवाज आला. "वस्तू एक दिवस जाते."

"मी तिला घडवत होते आणि तुम्ही इथे तिची बोळवण बांधून ठेवत होता. भाड्याच्या घरासारखं. जाताना खिळे उपटायचे, भोकं बुजवायची आणि होतं तसं करून द्यायचं!"

मला आणखी बोलायचं होतं. नऊ वर्षं हा फाटक उघडून उभा राहत होता, ते काय हिचं खूळ कधी उतरतंय ते बघायला? असं मी म्हणणार होते. तेवढ्यात त्याने शेवटची दोन गाठोडी खाली दिली. ती कागदात नव्हती. त्याच्या कारखान्याच्या जुन्या खाकी शर्टात बांधलेली होती.

एकात मागची सीट होती. दुसऱ्यात मागचे दोन फूटरेस्ट. त्यांच्या रबराला चीर जाऊ नये म्हणून टाल्कम पावडर लावली होती, त्याचीच, दाढीनंतर लावतो ती. मी वासावरून ओळखली. चिठ्ठी दोन्हीला मिळून एकच.

"मागची सीट व फूटरेस्ट. का काढलं: टांग टाकताना अडचण. स्थिती: उत्तम. परत बसवणे: ती म्हणेल तेव्हा."

मी ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"अहो, हे वेगळं का लिहिलंय?"

"काय?"

"'ती म्हणेल तेव्हा'."

शिडीवर त्याची फक्त पावलं मला दिसत होती.

"तिथे मला बसायचं होतं," तो म्हणाला.

"मग म्हणाला का नाहीत?"

"गाडी तुझी. तू एकटीसाठी केलीस. आपण होऊन कसं म्हणायचं?"

मला लाज वाटली. साठाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, मांडीवर दोन फूटरेस्ट घेऊन मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. पहाटे फाटक उघडून उभा असलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. मी दर रविवारी त्याच्यासमोरून निघून गेले होते आणि एकदाही "येता का?" म्हटलं नव्हतं. तो स्कूटरवालाच, त्याला कुठली आवड, असं मी धरून चालले होते. माझ्या बाबतीत लोकांनी जे केलं म्हणून मी आयुष्यभर चिडले, तेच मी घरात बसून करत होते.

"म्हणतेय," मी म्हटलं. "बसवू या."

मिस्त्रीला फोन केला तर त्याच्याकडे दसऱ्याच्या गाड्या धुवायला रांग लागलेली. परवा खंडेनवमी, हत्यारं पूजेला लागली की कोणी पाना हातात धरणार नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच गाडीशेजारी पाट टाकून बसले. कॅरिअर काढलं, सीट चढवली, फूटरेस्टचे बोल्ट आवळले. नवरा मागाल तो पाना हातात देत होता आणि बोल्ट आवळून झाला की स्वतः एकदा हलवून बघत होता. चौतीस वर्षांची सवय, तिला काय करणार. वरून भाई विचारत होते की बेन, हे काय नवीन? मी म्हटलं, ग्राहक आलाय.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला आणि आम्ही तीस किलोमीटरवरच्या डभोईला निघालो. सगळं बडोदं फाफडा-जिलेबीच्या रांगांत उभं होतं. नवरा मागे बसला तशी गाडी चार बोटं खाली गेली आणि पहिल्याच बंपवर सायलेन्सर खर्रकन घासला. त्यानंतर प्रत्येक बंपच्या आधी तो माझ्या कानाशी "बंप" म्हणायचा. मला बंप दिसत होता. तरी मी त्याला बोलू दिलं. शहर संपेपर्यंत त्याचे हात त्याच्याच गुडघ्यांवर होते. पुढे दोन्हीकडे कपाशी लागली तेव्हा एक हात माझ्या खांद्यावर आला आणि मग तो चक्क बोलायला लागला. वारा आणि हेल्मेट, मला एक अक्षर कळत नव्हतं. चाळीसच्या वेगाने मी नुसती मान हलवत होते. पंधरा किलोमीटर तरी तो बोलत असेल. एवढं सलग तो आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला.

डभोईला जुन्या दरवाज्यापाशी थांबून आम्हीही फाफडा खाल्ला. "काय सांगत होता एवढं?" मी विचारलं.

"काही नाही. मजा येते म्हणत होतो."

"पंधरा किलोमीटर?"

"खूप मजा येते," तो म्हणाला आणि जिलेबीकडे बघत राहिला.

परतताना टांग टाकायला मला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या वेळी खुब्यात अशी कळ गेली की डोळ्यांसमोर अंधारी आली. तेव्हा मला डॉक्टरांचा राग आला नाही. गाडी जाणार, हे तोवर मला नुसतं माहीत होतं, त्या क्षणी पटलं. घरी येऊन मी हेल्मेट काढलं आणि सांगितलं की सामान बरोबर द्यायचं, बसवायचं नाही. गाडी अशीच जाईल, नाही गेली तर अशीच उभी राहील. नवऱ्याने आधी खुब्याला शेक दिला. मग चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकेका चिठ्ठीवरचं "विक्रीच्या वेळी" पट्टीने रेघ मारून खोडलं. वर लिहिलं, "गरज नाही."

तिसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. पादऱ्याचा तो बुटका माणूस उभा होता, सोबत त्याची बायको, त्याच्याहून वीतभर उंच. मागे भाई, वही हातात. आम्ही दोघं गाडीवरून जाताना भाईंनी गॅलरीतून बघितलं होतं आणि तेवढ्यात फोन लावला होता की पाछळनी सीट लागी गई. "एने बीजो कोई वांधो न होतो," भाई मला म्हणाले, म्हणजे बायकोला बसायला मागे सीट नाही, एवढंच त्याचं अडलं होतं. "पूछ्युं होत तो त्यारे ज खबर पडत ने!"

खाली गेलो. मी सवयीने तेलाच्या थेंबापासून सुरुवात केली, तर त्या माणसाने हात जोडले. "बेन, ए दिवसे तमे बधुं कही दीधुं. हवे मारे शुं शोधवानुं?" सगळे दोष आधीच कळलेत, आता शोधायला उरलं काय, असं त्याचं म्हणणं. मी भाईंकडे बघितलं. भाईंनी वही मिटली आणि दुसरीकडे बघितलं. माझ्या माहेरची चूक नऊ जन्मांत एकदा कामाला येते, ती त्या दिवशी आली.

भाव त्याने सांगितला तो मी घेतला. नवऱ्याने सामानाचं पोतं दिलं. त्या माणसाने एक चिठ्ठी उलटून बघितली, मराठी वाचता न येऊनही नीट जागच्या जागी ठेवली. मग चपला काढून बायकोच्या पिशवीत टाकल्या आणि गाडीवर बसला. तळवे सपाट. त्याची बायको मागे बसली आणि पाय कुठे ठेवायचे ते शोधू लागली. माझा नवरा वाकला, दोन्ही फूटरेस्ट खाली पाडून दिले आणि पुढे जाऊन फाटक उघडलं.

"जपून," तो म्हणाला.

गाडी वळेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. ती गेली, आणि माझ्या मापाचीच गेली. मला बरं वाटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच, आणि भाई समोर असूनही मी ते लपवलं नाही.

वर आल्यावर नवऱ्याने खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. मागची सीट व फूटरेस्ट.

"सही राहिली," तो म्हणाला.

बसवणाऱ्याची सही, त्या रेघेवर मी मुलांच्या प्रगतिपुस्तकावर करायचे तशी पूर्ण सही केली आणि खाली तारीख घातली. नऊ वर्षं उशीर झाला होता, तसं मी म्हटलंही. त्याने सही नीट बघितली. काम पुरं झालं की चिठ्ठी फाडायची असते, हे मला त्यानेच शिकवलं आहे. त्याने ती फाडली नाही. घडी न घालता तशीच परत खिशात ठेवली.